वाळकेश्वरचा नारळ

हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मगच चहाला तोंड लावा. मागं हा किस्सा ऐकताना आमच्या शाळेच्या मास्तरांच्या नाकात चहा गेला होता आणि बोल मला लागला!

मी धर्मा तांडेल. राहणार थळ. माझ्या होडीच्या सुकाणूला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला खपत नाही. वारा म्हणा, भरती-ओहोटी म्हणा, पाण्याखालचे खडक म्हणा, सगळं मला तोंडपाठ. जाऊ द्या, आपली स्तुती आपणच करू नये. खरं तर त्यासाठी बायको असते, पण आमची करत नाही.

गोष्ट माझ्या लेकीच्या, मंजूच्या सोयरिकीची. महाराष्ट्र झाला, मुंबई आपली राजधानी झाली, सगळीकडं आनंदीआनंद होता, त्याच सुमाराला मंजूला थेट राजधानीतलं स्थळ आलं. मुलगा गोदीत कामाला. बाप वाळकेश्वरच्या कोळ्यांचा पाटील. वाळकेश्वरला बाणगंगेच्या तळ्याच्या खालच्या अंगाला, अगदी समुद्राला लागून आपल्या लोकांची चार घरं आहेत, तिथला. मुलगा आणि त्याची आई थळला येऊन मुलगी बघून गेली, पसंत म्हणाली. आता आम्ही घर बघायला जायचं आणि शब्द द्यायचा, एवढंच उरलं होतं. पाटलाला तेवढं मी कधी बघितलं नव्हतं आणि त्यानं मला बघितलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं!

आणि मंजूचं काय? मंजू तोंडानं काही बोलली नाही. पण मुलगा येऊन गेल्यापासून कालवणात दोन-दोनदा मीठ पडायला लागलं. मी ओरडलो, "काय गो, आख्खं मिठागर ओतलंस की काय?" तर तिची आई मला म्हणाली, "गप खावा. हे स्थळ हातचं जाता कामा न्हाय." मी काय समजायचं ते समजलो. लेकीचा जीव गुंतला होता आणि तो सोडवायचा की बांधायचा हे माझ्या हातात होतं.

माझ्या मेहुण्यानं हे स्थळ आणलेलं. तो मला वाट समजावून सांगायला लागला, "भावजी, वाळकेश्वरला बसमधून उतरा आनि कुनालाबी बाणगंगा इचारा. तळ्याकाठी जुन्या देवळाचं शिखर हाय, मागं टेकडीवर नवी पांढरी उंच इमारत बांधलीय. त्या दोघांच्या खाली पाटलाचं घर."

मी हसलो. "शिखर आणि पांढरी इमारत? अरे, मला सांगतोस? भर समुद्रातून रोज बघतो मी ती!"

आता तुम्हाला आमचं काम थोडं समजावून सांगायला हवं. समुद्रात काही रस्त्याच्या पाट्या नसतात. आम्ही किनाऱ्यावरच्या दोन वस्तू धरतो, एक पुढची, एक मागची. समजा पुढं देवळाचं शिखर, मागं डोंगराचं टोक. दोन्ही एकावर एक आली की झाली खूण. मग खूण डोळ्यासमोर ठेवायची आणि नाकासमोर यायचं. खूण सुटली की होडी खडकावर. माझ्या बापानं मला लहानपणी बजावलं होतं, "धर्म्या, खूण सोडू नको आनि वाट कुनाला इचारू नको." बरोबरच आहे. भर समुद्रात विचारणार कुणाला? बोंबलाला?

मुंबईची आणि माझी ओळख ही अशी, समुद्रातून. तिचं तोंड मला पाठ होतं. पण गावात शिरून तिची पाठ मी कधी बघितलीच नव्हती. मासळी घेऊन धक्क्यावर जायचं, विकायची आणि परत फिरायचं. एवढीच आमची राजधानी.

निघण्याच्या दिवशी मी काय नटलो होतो म्हणून सांगू! पांढरा सदरा, काळी बंडी, डोक्यावर लाल टोपी, कमरेला कोरा करकरीत रुमाल. बायकोनं हिरवं लुगडं आणि होतं नव्हतं ते सगळं सोनं अंगावर घातलं. बरोबर माझा चुलता, बाळूकाका. घरातला वडीलधारा हजर नसेल तर आमच्यात शब्द देत नाहीत. आणि टोपलीत बर्फात ठेवलेली पापलेटं, माझ्या जाळ्यातली. मुलीच्या बापानं सोयरिकीला रिकाम्या हातानं जायचं नाही आणि बाजारातली मासळी न्यायची नाही, ही आमची रीत.

रेवसला लाँच धरली, भाऊच्या धक्क्याला उतरलो, बस पकडली. बस समुद्राच्या काठानं जायला लागली आणि बाळूकाका खिडकीला चिकटला. एका उंचीच्या, एका रंगाच्या, गोल गोल सज्ज्यांच्या इमारती, एकीला लागून दुसरी!

"सगळी एकाच बापाची लेकरं दिसतात," काका म्हणाला.

बायकोनं वर बघून गालावर बोट ठेवलं. "काय गच्च्या हायत गो बाय! आनि एकीवरसुद्धा बोंबील न्हाय वाळत!"

बसमधले लोक वळून बघायला लागले. तसे ते मघापासून टोपलीकडं बघतच होते म्हणा.

तीन बत्तीला कंडक्टरनं आम्हाला उतरवलं. चांगला माणूस. म्हणाला, "बाणगंगा ना? त्या गल्लीनं आत जा, दगडी पायऱ्या लागतील, त्या उतरल्या की तळं. नाहीतर विचारा कुणालाही."

विचारा! आणि मी! थळचा तांडेल!

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून नजर टाकली. समोर ती पांढरी इमारत, नवीकोरी, उन्हात डोळे दिपवणारी. तिच्या डाव्या अंगाला, खाली, झाडांतून देवळाचं शिखर जरासं डोकावत होतं. मी चार पावलं उजवीकडं सरकलो, मग आणखी चार. शिखर हळूहळू इमारतीच्या मागं आलं. बसली खूण!

"चला," मी म्हटलं.

"अवो, पायऱ्या हिकडं हायत," बायको म्हणाली.

"पायऱ्यांनी खूण सुटते."

"सुटू द्या की! हितं काय खडक हाय?"

"तुला काय कळतंय? माझ्या मागनं ये."

आणि मी निघालो नाकासमोर. समोर एका बंगल्याची बुटकी भिंत आली. ओलांडली. बाळूकाकाला खालून ढकलून ओलांडवला. पलीकडं बाग होती, माळी पाणी घालत होता. तो म्हणाला, "अहो, कुठं चाललात?" मी म्हटलं, "सरळ!" पुढं वाळत घातलेल्या चादरी होत्या, त्यातून आरपार. मग एका डॉक्टरचा दवाखाना. पुढच्या दारानं शिरलो, बाकावरच्या पेशंटांना राम राम केला आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. डॉक्टर जीभ बघायची सोडून आमच्याकडं बघत राहिला. त्या बिचाऱ्या पेशंटची जीभ तशीच बाहेर!

बायको मागून सारखी सदरा ओढत होती. "अवो, इचारा कुनाला तरी. लोक हसतात." मी म्हटलं, "हसू देत. चुकलो का आपण? खूण बघ, तसूभर हलली नाही!"

आणि खरंच हलली नव्हती. फक्त एकच झालं होतं. समुद्राकडून येताना शिखर पुढं असतं आणि इमारत मागं. मी येत होतो जमिनीकडून. म्हणजे इमारत पुढं! माझी खूण सरळ त्या इमारतीच्या दारातून आत जात होती. मग काय, आम्हीही गेलो.

आत बघतो तर काय थाट! फुलांच्या माळा, सनईची रेकॉर्ड, अत्तर, पेढ्यांची ताटं, खाली संगमरवर असा की आपलं तोंड आपल्याला दिसावं. मंडळी खुर्च्यांवर बसलेली. माझी छाती भरून आली. मेहुणा म्हणालाच होता, पाटलाची मोठ्या मोठ्या माणसांशी ऊठबस आहे. पण आमच्या मंजूसाठी एवढं? मी बायकोला म्हटलं, "बघ. नाहीतर तू! पायऱ्या, पायऱ्या!"

तेवढ्यात सोन्याच्या बटणांचा लांब कोट घातलेले एक शेठ हात जोडून धावतच आले. "आवो, आवो पाटील! तुमचीच वाट बघते आम्ही!"

मी तांडेल, पाटील नव्हे. पण मुलीच्या बापाला कुणी मानानं पाटील म्हटलं तर त्यात चूक कशाला काढायची? मी मिशीवर हात फिरवला आणि म्हटलं, "यायला जरा उशीर झाला, शेठ."

आता आमच्या पापलेटांचा बर्फ वितळायला लागला होता आणि त्या आरशासारख्या फरशीवर टपटप पाणी गळत होतं. शेठच्या म्हाताऱ्या आईनं पदर नाकाला लावला. टोपली कुठंतरी ठेवायला हवी होती. दाराशी एक चष्मेवाला माणूस नुकताच धापा टाकत आलेला, खाकी पँट, पांढरा शर्ट, घामाघूम. मी ओळखलं, हा इथला नोकर.

"ए बाबा, ही टोपली धर," मी म्हटलं. "सावलीत ठेव. आणि बाईमाणसाला आधी पाणी आण."

तो माझ्या टोपीकडं बघायला लागला, मग रुमालाकडं, मग टोपलीकडं. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं.

"तोंड काय उघडतोस? हात उघड!" मी टोपली त्याच्या हातात कोंबली. "आणि सांभाळून. एक पापलेट जरी कमी झालं तरी मला समजतं."

तो निमूटपणे गेला. पाणीही घेऊन आला. बायकोनं पुन्हा सदरा ओढला. "अवो, त्यो मानूस आपल्यातला वाटतोय मला. टोपली कशी धरली बघितलंत?"

"पँटीतला कोळी? काहीतरीच तुझं!"

शेठ बोलायला उभे राहिले. मला पहिल्या रांगेत बसवलेलं. ते म्हणाले की ही इमारत नवी, पण ही जागा फार जुनी, खाली रामाच्या बाणानं निघालेलं पाणी, आणि या किनाऱ्याचे मूळचे राखणदार म्हणजे कोळी लोक, त्यांच्या आशीर्वादाशिवाय आपण घरात पाऊल ठेवायचं नाही. मला म्हणाल तर यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं. माझं सगळं लक्ष चांदीच्या तबकाकडं होतं. तबकात शाल होती आणि नारळ होता.

नारळ! आमच्यात चार माणसांसमोर नारळ हातात घेतला की शब्द झाला. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. मी बाळूकाकाकडं बघितलं. त्यानं मान हलवली. तो पेढा चावत होता म्हणून मान हलत होती, हे मला मागाहून समजलं. बायकोकडं बघितलं, तर ती जोरजोरात नको नको करत होती. मी मनात म्हटलं, आईचं काळीज. लेक परकी होणार म्हणून कासावीस झालीय.

शेठनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी तो कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! मंजूचं सगळं लहानपण डोळ्यासमोरून गेलं. मग वादळात होडीवर हाक मारावी तसा आवाज लावला.

"मंडळी! नारळ घेतला! मुलगी दिली!"

सनईची रेकॉर्डसुद्धा नेमकी तेव्हाच संपली.

शेठ हसत होते. हळूहळू त्यांचं हसणं आटलं. "मुलगी? कोनाला दिली?"

"तुमच्या घरात! आजपासून आमची मंजू तुमची!"

शेठाणीबाई खुर्चीवरून उठल्या. "कोनी छोकरी? कोन मंजू?"

"अरे, मला काय मालूम?" शेठना घाम फुटला. "पाटील, काय बोलते तुम्ही! आपला लगन झालेला हाय! ही समोर उभी हाय ना!"

मला वाटलं, शेठला मुलीविषयी शंका आहे. मी लागलो समजवायला. "शेठ, अजिबात काळजी करू नका. पोरगी लाखात एक! जाळं विणते, मासळीचा बाजार करते, वेळ पडली तर होडी वल्हवते. रागावली तर थोडी भांडी आपटते, पण ते चालायचंच!"

"पन आपण मागितली कधी?"

झालं! माझं डोकं फिरलं. "म्हणजे? चार माणसांत नारळ देता आणि शब्द फिरवता? माझी पोर म्हणजे काय बाजारातली मासळी, हुंगून परत ठेवायला? थळच्या तांडेलाशी गाठ आहे!"

"थळ?" शेठ मटकन खाली बसले. "तुम्ही हितले, वाळकेश्वरचे पाटील ना?"

"मी कशाला वाळकेश्वरचा पाटील? तो माझा व्याही!"

"मग तो व्याही कुठे हाय?"

"हितं हाय," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. मीही बघितलं. खाकी पँट, चष्मा, पोटाशी धरलेली माझी टोपली आणि बर्फाच्या पाण्यानं ओलाचिंब झालेला पांढरा शर्ट.

"वाळकेश्वरचा पाटील मी," तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला. "पोरासारखा मीबी गोदीतच कामाला, सुटायला उशीर झाला, तसाच आलो. शेटजी, शाल माझी हाय, नारळबी माझाच हाय. आनि पोरगीसुद्धा तुमच्या न्हाय, माझ्या घरात यायची हाय. तुमची काय हरकत न्हाय ना?"

शेठ म्हणाले, "अरे बाबा, आपली काय हरकत? घेऊन जा! आत्ता घेऊन जा!"

आणि मग जो हशा उठला! शेठाणीबाई हसल्या, शेठची आई पदराआडून हसली, बाळूकाकाला काही समजलं नव्हतं, तो सगळ्यांत जास्त हसला. धरणीमाय पोटात घे, असं मी म्हणालो असतो, पण तिथं धरणी होती कुठं? सगळा संगमरवर!

विचार करा. मुलाचा बाप! आमच्यात त्याचे पाय धुवायचे, त्याला पाट द्यायचा, तो बसल्याशिवाय आपण बसायचं नाही. आणि मी त्याला 'ए बाबा' म्हटलं, मासळी उचलायला लावली, त्याच्याकडून बायकोसाठी पाणी मागवलं, वर त्याचीच शाल पांघरून उभा राहिलो! मंजूचं तोंड दिसायला लागलं. घरी जाऊन तिला काय सांगायचं? की बाई, तुझं लग्न तुझ्या बापानं खूण धरून बुडवलं?

मी शाल काढून पाटलाच्या खांद्यावर घातली आणि वाकलो. त्यानं मला वरच्या वर धरलं. म्हणाला, "तुमचा रुमाल आनि टोपली बघितली तवाच समजलो, थळची मंडळी आलीत. पाव्हन्याची टोपली घरधन्यानं न्हाय घ्यायची तर कुनी?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलू दिलंत?"

बायको पाठीमागून पुटपुटली, "माझंबी हेच दुखनं हाय."

शेठ मात्र दिलदार माणूस. त्यांनी पाटलासाठी दुसरा नारळ मागवला, आमच्या तिघांच्या हातात पेढ्यांचे पुडे दिले आणि मला दारापर्यंत पोचवायला आले. मी गेलो याची खात्री करायची असेल कदाचित. शेठाणीबाईंनी बायकोला कुंकू लावून ओटी भरली आणि कानात सांगितलं, "बेन, लग्नाला बोलवा हं. आम्ही नक्की येते."

मग पाटलानं आम्हाला त्याच दगडी पायऱ्यांनी खाली नेलं. सोप्या, रुंद पायऱ्या. कुठं भिंत ओलांडायला लागत नाही, कुणाची चादर डोक्यावर येत नाही. खाली तळं लागलं. हिरवंगार पाणी, काठावर जुन्या दीपमाळा, बदकं, घंटेचा आवाज, आणि वर बघावं तर ती पांढरीशुभ्र इमारत. बायकोनं तळ्याला हात जोडले आणि मला म्हणाली, "किती बरं वाटतं हो हितं. पोर सुखी व्हईल." मला बरं वाटत नव्हतं. पाटील पुढं झपझप चालला होता आणि मी त्याच्या पाठीवरून काही खूण लागते का बघत होतो.

घर छान होतं. ओटीवर जाळं, मागं समुद्र, आत स्वच्छ सारवलेलं. मुलगा पाया पडला. मुलाच्या आईनं पापलेटं बघून मान डोलावली. सगळे बसले. मध्ये साखरेची ताटली ठेवली होती, मुलाच्या बापानं ती वाटली की सोयरीक पक्की, पण पाटील काही तिला हात लावेना. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुलगा दारात उभा राहून बापाच्या तोंडाकडं बघत होता.

"तांडेल," पाटील म्हणाला, "पोराला पोरगी पसंत हाय. त्याच्या आयेला पसंत हाय. मी काय ती अजून बघितली न्हाय. पन आज जे बघितलं, त्यावरनं एकच इचारतो. राग मानू नका आनि खरं सांगा. पोरगी कुनावर गेलीय?"

आता तुम्हाला म्हणून सांगतो. मंजू जन्मली त्या दिवसापासून मी अख्ख्या थळभर मिरवत आलोय की पोरगी बापावर गेली. नाक माझं, डोकं माझं, चाल माझी, हट्ट तर शंभर टक्के माझा! तिची आई एकदा "डोळे तरी माझे असू द्या" म्हणाली, तर मी तेसुद्धा दिले नव्हते.

मी बायकोकडं बघितलं. ती आढ्याकडं बघत होती. बाळूकाकाचा पेढा तोंडातच थांबला.

मी छातीवर हात ठेवला आणि देवाशपथ सांगितलं, "आईवर, पाटील! नखापासून केसापर्यंत आईवर! माझं तिच्यात औषधालासुद्धा काही नाही!"

पाटलानं साखरेची ताटली उचलली आणि वाटायला सुरुवात केली.